मोकुहांगा: पाच रंग, एक कोरा ठसा आणि २८ कागद

काम: लाकडी ठशावरून पाण्याच्या रंगात हातछपाई. चित्र टोकियोतल्या अराकावा नदीवरच्या तोझाई लाईनच्या पुलाचं, संध्याकाळचं. जागा घरातलं जेवणाचं टेबल. पद्धत सोसाकू हांगावाल्यांची, म्हणजे चित्र काढणं, कोरणं आणि छापणं तिन्ही एकाच हातानं. उकियो-ए या जुन्या जपानी ठसाचित्रांमध्ये चित्रकार, कोरणारा आणि छापणारा वेगळे असत आणि वर प्रकाशक असे. एकाच हाताच्या कामात चूक कुणाच्या नावावर टाकायची, हा प्रश्न उरत नाही.

३ मे: आराखडा, खरेदी

चित्र २१ × ३१ सेमी. कागद होशो, कोझो (तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा धागा) आणि पल्पच्या मिसळीचा, दोसा (सरस-तुरटीचं पाणी) न लावलेला. ५३ × ३९ सेमीचे १४ ताव अर्धे कापून २६.५ × ३९ चे २८ तुकडे झाले. निव्वळ कोझोचा हातकागद सुंदर असतो, पण पाच रंगांच्या पहिल्याच कामात तो वापरू नये. किंमत आठवून हात आखडतो आणि बारेन (कागद पाठीमागून घासायची चकती) हलका पडतो.

फळ्या शिना प्लायवूडच्या, ३० × ४५ सेमी, ९ मिमी जाड, दोन्ही बाजू वापरता येण्याजोग्या. तीन फळ्या, सहा बाजू:

१अ क्षितिजाचा फिकट गेरू, १ब आकाश
२अ नदी, २ब पूल
३अ लव्हाळी, ३ब कोरा ठसा (गाडीचे डबे रंग न लावता नुसते उठवायचे)

शिनाच्या लाकडात रेषा जवळजवळ नसतात, त्यामुळे पटाशी आडवी-उभी सारखीच चालते. साइतो कियोशी या जपानी ठसाचित्रकाराच्या चित्रांतल्यासारख्या लाकडाच्या रेषा छापात उतरायला हव्या असतील तर शिना घेऊन उपयोग नाही. केसासारखी बारीक रेषा हवी असेल तर डोंगरी चेरीची फळी लागते. इथं दोन्ही नको आहे.

फळी कापून घेताना वरच्या थराचा कल (लाकडाच्या तंतूंची दिशा) लांब बाजूला समांतर आहे ना, ते पाहून घ्यावं. आकाशाचा ब्रश त्याच दिशेनं फिरणार आहे.

५ मे: केंतो

केंतो म्हणजे कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून फळीतच कोरलेल्या दोन खाचा. उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोनी कागी, आणि त्याच खालच्या कडेवर डावीकडे, कागदाच्या साधारण दोन तृतीयांश लांबीवर सरळ हिकित्सुके. कागदाची खालची कड फळीच्या कडेपासून १.५ सेमी आत ठेवली.

पहिली कागी २ मिमी खोल गेली. कागद खाचेत वाकून बसतो आणि कोपरा भिंतीखाली सरकतो. खोली १ मिमी पुरते. भिंत मात्र अगदी उभी हवी आणि तळ चित्राच्या बाजूला चढत वर यायला हवा. चुकलेली खाच शिनाच्याच चिपेनं भरून पुन्हा कोरली. दीड तास गेला.

प्लायवूडची केंतोची भिंत दहा-पंधरा कागदांत चेपते. तिच्यावर सायनोअॅक्रिलेट गोंदाचा एक थेंब सोडून सुकू दिला की ती टणक होते. सहाही बाजूंना हे केलं.

९ ते १७ मे: पुलाची कोरणी

रेषेच्या कडेला सुरी टेकवताना पातं रेषेपासून बाहेर झुकवावं, म्हणजे उरलेल्या उंचवट्याचा पाया रुंद राहतो. उभा काप दिला तर ओल्या ब्रशच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीत रेष मुळातून उखडते. पुलाचे तिरपे लोखंडी दांडे १.५ मिमी जाड ठेवले होते. कलाला आडवे जाणारे दोन दांडे तरीही तुटले. शिनाचा वरचा थर पातळ असतो, त्याच्याखालचा थर उलट्या कलाचा, आणि सुरी तिथं पोचली की वरचा तुकडा पापुद्र्यासारखा सुटतो.

तुटलेले तुकडे जपून ठेवावेत. पाण्यात न विरघळणाऱ्या लाकडाच्या गोंदानं ते बसवले, वर रात्रभर वजन ठेवलं. शेवटपर्यंत टिकले. जिथं दांडे दाटीनं येतात तिथले सगळे २ मिमी केले. चित्रात फरक जाणवत नाही.

मोकळी जागा काढण्याच्या खोलीचा हिशोब वेगळा. रेषेलगत १.५ मिमी पुरतं. पण ५ सेमीपेक्षा रुंद रिकाम्या जागेत कागद झोळ खातो आणि तळातला रंग उचलतो, म्हणून मध्ये ३ मिमीपर्यंत जावं लागतं. इथं आळस केला. पहिल्या छापात पुलाखाली काळे डाग आले आणि पुन्हा गोल पटाशी हातात घ्यावी लागली.

पुलाच्या कोरणीला एकूण १७ तास.

१८ मे: चित्र बाकीच्या फळ्यांवर उतरवणं (फसलं)

पुलाचा ठसा केंतोसकट ट्रेसिंग पेपरवर छापला आणि तो कागद उलटा करून बाकीच्या फळ्यांवर नोरीनं, म्हणजे खळीनं, चिकटवला. जुनी रीत हीच, फक्त तिथं कागद वेगळा असतो. ट्रेसिंग पेपर ओली खळ लागताच पसरतो. सुकल्यावर मोजलं तर ३१ सेमीच्या चित्रात नदीच्या फळीवर २ मिमी वाढ. कोरायच्या आधी पट्टी लावून पाहिलं म्हणून फळी वाचली. कागद आणि खळ खरवडून काढण्यात अख्खी दुपार गेली.

दुसरा प्रयत्न पॉलिस्टर फिल्मवर केला. पुलाच्या ठशाला तैलशाईचा पातळ हात दिला, फिल्म केंतोत बसवून बारेननं घासली, आणि तीच ओली फिल्म दुसऱ्या फळीच्या केंतोत पालथी घालून पुन्हा घासली. खूण आपोआप उलटी, म्हणजे हवी तशी उतरते. फिल्मला पाणी लागतच नाही, त्यामुळे ती पसरत नाही. शाई डागू नये म्हणून वर टाल्कम पावडर भुरभुरली. कोरून झाल्यावर उरलेल्या खुणा टर्पेंटाईननं पुसल्या, नाहीतर तेलाच्या जागी पाण्याचा रंग धरत नाही.

२४ मे: दोसा

दोसा म्हणजे सरस आणि तुरटीचं पाणी. ते कागदावर दिल्यानं रंग टीपकागदासारखा पसरत नाही. अर्धा लिटर पाण्याला सरसाच्या काड्या १० ग्रॅम आणि तुरटी ४ ग्रॅम. सरस आदल्या रात्री थंड पाण्यात भिजत घालायचा, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवायचा, आणि आचेवरून उतरवल्यावर तुरटी घालायची.

पहिलं मिश्रण थेट आचेवर ठेवलं आणि उकळलं. उकळलेल्या सरसाचा जोर जातो. लावलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर मणी धरून राहण्याऐवजी काही सेकंदांत आत गेला. मिश्रण ओतून दिलं. दुसरं ६० अंशांच्या वर जाऊ दिलं नाही. थेंब पाच मिनिटं तसाच बसला.

रुंद मऊ ब्रशनं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवत, दोन्ही बाजूंना एकेक हात. ओला होशो उचलताना बोटांनी धरला आणि एक तुकडा फाटला. नंतर कडेखाली लाकडी पट्टी सारून उचलले. दोन तुकड्यांवर पट्टे राहून गेले. ते नुसता रंग पाहायला वेगळे काढले. शिल्लक २५.

दोसा दिलेला कागद वापरायच्या आधी दोन आठवडे पडू द्यावा. जास्त तुरटीनं कागद पुढं ठिसूळ होतो, म्हणून ‘थोडी अजून’ हा मोह टाळावा.

७ जून: दोऱ्याचा ठसा

नदीकाठच्या लव्हाळ्यांसाठी लाकूड कोरलं नाही. पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि सुती दोरा फळीवर चिकटवून ठसा केला. जपानी प्राथमिक शाळांत मुलं कागदाच्या तुकड्यांचा असा ठसा करतात, आणि सोसाकू हांगावाल्या ओंची कोशिरोनं दोरा, पानं, कागद असलं काय काय ठशासारखं छापलं आहे. कोरलेल्या पात्याला जो ताठपणा येतो तो दोऱ्याला येत नाही. लव्हाळी वाऱ्यात आहेत, हे दोरा आपणहून सांगतो.

पण पाण्याच्या रंगाशी पुठ्ठ्याचं जमत नाही. शेलॅकचा एक हात दिला आणि चाचणी घेतली. चौथ्या कागदाला पुठ्ठ्याच्या कडा फुगल्या आणि थर सुटले. सगळं उचकटून पुन्हा लावलं. या वेळी शेलॅकचे तीन हात दिले, प्रत्येकात चार तास, आणि कापलेल्या कडांवर चौथा. दोऱ्याला मात्र दोनच, नाहीतर त्याचा पीळ बुजतो आणि वायर छापल्यासारखी दिसते. ठशाची उंची कागदाच्या केंतोपेक्षा १ मिमी वर आली, म्हणून केंतोखालीही पुठ्ठ्याची पट्टी चढवली.

१४ जून: कागद ओलावणं, पहिला छाप

पावसाळा सुरू. खोलीत ७८ टक्के दमटपणा.

आदल्या संध्याकाळी वर्तमानपत्राचा कोरा कागद पाण्याच्या ब्रशनं ओला करून प्रत्येक ओल्या तावानंतर दोन होशो, अशी चळत रचली. प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर फळी ठेवली. सकाळी होशो हाताला गार आणि लुळा लागायला हवा, पण त्यावर ओलीची चमक दिसता कामा नये.

छापताना फळी आधी ओल्या फडक्यानं पुसायची. रंगाचे तीन-चार ठिपके, त्यांच्याशेजारी नोरी. १० × १५ सेमीच्या जागेला मुगाच्या दाण्याएवढी नोरी पुरते. ब्रश आधी गोल फिरवून रंग आणि नोरी एकजीव करायची, मग कलाच्या दिशेनं हलके लांब हात. ब्रशचे केस मुशीच्या कातड्यावर घासून टोकं फोडून घेतलेली असावीत, नाहीतर प्रत्येक केसाची रेघ छापात येते.

दोन कागद चाचणीत गेले. चाचणीला स्वस्त कागद वापरू नये, कारण तो वेगळा पसरतो आणि जुळणीबद्दल खोटं सांगतो. शिल्लक २३.

२१ जून: जुळणी बिघडली

बाकीच्या नोंदी नाही वाचल्या तरी ही एक वाचावी.

क्रम फिक्याकडून गडदाकडे. आधी २३ कागदांवर गेरू, मग नदी. नदीच्या दहाव्या कागदापासून क्षितिज आणि पाणी यांच्यामध्ये डाव्या टोकाला पांढरी फट दिसायला लागली. विसाव्या कागदाला ती १ मिमी होती.

केंतो चुकला असं वाटून हिकित्सुके अर्धा मिमी कोरून मागं नेला. फट गेली नाही, उलट सगळी नदी तिरकी झाली. मग कोरलेल्या जागी चीप बसवून केंतो पूर्ववत करावा लागला. मूळ खाच बरोबरच होती.

खरं कारण पट्टी लावल्यावर कळलं. कागीजवळ, म्हणजे उजवीकडे, जुळणी अचूक होती. फट डावीकडे जाताना वाढत होती. केंतो चुकला असता तर चूक सगळीकडे सारखी, किंवा कागद फिरल्यासारखी दिसली असती. कागीपासून दूर जाताना वाढत जाणारी चूक कागद आक्रसल्याची असते. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. कोरडा तुकडा ९.२ ग्रॅम, सकाळी चळतीतून काढलेला १२.५, आणि शेवटी छापलेला १०.८. दोन तास उघड्यावर राहिलेले कागद निम्मं पाणी गमावून बसले होते. ३९ सेमी लांबीचा कागद पूर्ण ओलाव्यात ३ मिमीनं वाढतो, म्हणजे १ मिमी फट यायला फार काही लागत नाही.

तेव्हापासून नियम: चळत कायम प्लास्टिकखाली, एका वेळी एकच कागद बाहेर, आणि दर पाचव्या कागदाचं वजन. १२ ग्रॅमच्या खाली गेला तर पाठीवर बारीक फवारा मारून परत चळतीत अर्धा तास. फट पडलेले कागदही पुन्हा १२.५ वर आणून नदीचा दुसरा हात दिला. फट बुजली.

फळीही याच पाण्याची बळी. एकच बाजू तासन्‌तास ओली राहिल्यानं दुसरी फळी पन्हाळीसारखी वळली. मागची बाजूही ओल्या फडक्यानं पुसत राहावी.

२२ जून: आकाश

बेरो-आई, म्हणजे बर्लिनचा निळा. सुकी पूड पाण्यावर तरंगते, म्हणून आधी अल्कोहोलच्या काही थेंबांत खलून मग पाणी. बोकाशी, म्हणजे रंगाची उतरती छटा, वरून खाली फिकी होत जाणारी: फळीचा खालचा भाग ओल्या फडक्यानं पुसायचा, रुंद ब्रश ओला करून त्याच्या एकाच कोपऱ्याला रंग लावायचा, आणि रंगाचा कोपरा वर ठेवून ब्रश डावीकडून उजवीकडे सरळ ओढायचा. वर-खाली अजिबात नाही.

पहिल्या सहा कागदांत निळा जिथं संपतो तिथं कडक रेघ आली. पाणी जास्त होतं, रंग त्याच्या काठावर साचला. फडकं घट्ट पिळून घेतल्यावर रेघ गेली. दोन कागदांवर ती इतकी ठळक होती की दुसऱ्या हातानंही बुजेना, ते बाद. शिल्लक २१. एका गडद हातापेक्षा दोन पातळ हात बरे, दुसरा पहिल्यापेक्षा २ सेमी वर संपवलेला.

चौदाव्या कागदाला बारेनचं बांबूचं पान फाटलं. नवं पान भिजवून, सपाट करून, टोकं पिळून बांधायला पाऊण तास, आणि तोवर चळत सुकत गेली. एक पान आधीच भिजवून जवळ ठेवावं.

२८ जून: बुरशी

२२ तारखेला चळत प्लास्टिकमध्येच ठेवली, पुढच्या शनिवारी पुढं जायचं म्हणून. सहाव्या दिवशी उघडली तर चार कागदांवर करडे ठिपके, बहुतेक नदीच्या भागात, जिथं नोरीचे दोन हात होते. ठिपके पुसले जातात, डाग राहतो. चारही बाद. शिल्लक १७.

जूनमध्ये ओला कागद तीन दिवसांच्या वर ठेवू नये. मुंबई-कोकणात करणाऱ्यांनी दोनच धरावेत. चळत गोठवून ठेवण्याचा उपाय चांगला आहे, पण ३९ सेमीची चळत इथल्या फ्रीझरात मावत नाही, आणि घडी घालता येत नाही. म्हणून प्रत्येक शनिवार-रविवारनंतर कागद पुठ्ठ्यांमध्ये पूर्ण सुकवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा १२.५ ग्रॅमवर आणायचे. जुळणी टिकते, वजन मात्र तेच हवं.

५ जुलै: लव्हाळी, पूल

लव्हाळी एका हातात छापून झाली. दोऱ्याच्या ठशावर बारेन सरळ फिरवला तर दोरा कागद फाडतो. मध्ये बेकिंग पेपर ठेवला.

पुलाच्या काळ्यात पहिल्या तीन कागदांवर गोमा आला, म्हणजे तिळासारखे पांढरे ठिपके. नोरी कमी किंवा दाब कमी, ही त्याची नेहमीची कारणं. नोरी वाढवल्यावर काळा सपाट झाला, आणि पूल निर्जीव. सुबक उकियो-एत गोमा म्हणजे दोष. इथं ठिपक्यांचा पूल गंजलेल्या लोखंडासारखा दिसत होता. नोरी परत कमी केली आणि सतराही कागद गोम्यासकट छापले. फक्त तो सगळ्यांवर सारखा यायला हवा, म्हणून नोरी चिमटीनं न घेता पाव चमच्याच्या मापानं घेतली.

१२ जुलै: कोरा ठसा, सुकवणं

गाडीचे डबे पुलावर रंगाविना, नुसता कागद उठवून. काराझुरीला, म्हणजे अशा रंगाविना छपाईला, ठसा ३ मिमी खोल कोरलेला हवा आणि कागद नेहमीपेक्षा थोडा ओला, १३ ग्रॅम. बारेननं खिडक्यांच्या कडा उठल्या नाहीत. पातळ कापड ठेवून कोपरानं दाबलं तेव्हा उठल्या. जुने कारागीरही कोपर वापरत. सतरा कागदांनंतर कोपराची कातडी लाल होते.

मग नेहमीच्या सवयीनं पहिले पाच कागद टीपकागदात घालून वर वजन ठेवलं. सकाळी गाडी गायब. वजनाखाली सुकताना उठाव बसून जातो. ते पाचही पुन्हा ओले करून, पुन्हा केंतोत बसवून, पुन्हा कोपर. नंतर सगळे कागद मऊ टीपकागदांमध्ये वजनाविना सुकवले, तीन दिवस रोज टीपकागद बदलत. कडा किंचित लहरी राहिल्या. त्या राहू दिल्या.

१५ जुलै: हिशोब

फळ्या ३,३०० येन, कागद १३,३००, सरस-तुरटी १,२००, दोन ब्रश ४,२००, बांबूची पानं १,३००, रंग २,८००, शेलॅक, फिल्म, टीपकागद वगैरे २,९००. एकूण २९,०००. सुऱ्या आणि बारेन आधीचे. १७ प्रती, म्हणजे दर प्रतीला सुमारे १,७०० येन, वेळ न धरता. वेळ ८४ तास, त्यातले १५ चुका निस्तरण्यात.

वीस प्रती ठरवल्या होत्या, सतराच उरल्या, म्हणून क्रमांक १/१७ पासून दिले. एका प्रतीवर नदीची फट अंधुक दिसते. ती तपासणीची प्रत म्हणून फळ्यांसोबत ठेवली, बाकी सोळा क्रमांकात. म्हणजे पेन्सिलनं घातलेले सगळे १७ खोडून १६ करावे लागले. होशोवर खोडरबर चालवू नये, तंतू वर येतात. पाचव्या प्रतीवर ते दिसतंय.

दुसरी फळी अजून मध्ये ३ मिमी वळलेली आहे. पालथी घालून, खाली ओलं फडकं आणि वर वजन ठेवलं आहे.